वहीसकट घेतलेली गाडी

माझी पॅलिओ मला तिच्या आधीच्या मालकांनी एका वहीसकट दिली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, पाठीला लाल कापडी पट्टी लावलेली ती वही किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी दिसते. पण तिच्यात १९ वर्षांत त्या गाडीत भरलेल्या पेट्रोलच्या प्रत्येक खेपेची नोंद आहे. तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये असे चार रकाने फूटपट्टीने आखलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी जरा रुंद असा पाचवा रकाना आहे, त्यावर ‘शेरा’ असे लिहिले आहे. बहुतेक ओळींपुढे हा रकाना मोकळाच आहे. मधूनच कुठे ‘हवा भरली’, ‘पुढचे ब्रेक पॅड नवे’, ‘वणीला जाताना एसी बंद ठेवला’ अशा नोंदी येतात, आणि २००९ सालच्या एका पानावर निळ्या शाईने ‘सौ.ला दवाखान्यातून घरी आणले’ एवढेच लिहिलेले आहे. त्या दिवशी गाडीत १२ लिटर पेट्रोल भरले होते.

जुनी गाडी घेताना माणसे रंग बघतात, टायर बघतात, किलोमीटरचा आकडा बघतात. ते सगळे मीही रीतसर पाहिले. पण नाशिकच्या सिडकोतल्या, आधीच्या मालकांच्या घराच्या ओट्यावर बसून ही वही चाळत असतानाच माझे मन ठरले होते, आणि पुढे जे काही पाहिले ते ठरलेल्या मनाला आधार शोधण्यासाठी पाहिले.

ही गाडी म्हणजे फियाट पॅलिओ १.६. पॅलिओ भारतात आली २००१ च्या सप्टेंबरात. मी तेव्हा कॉलेज रोडला शिकत होतो, सायकलवरून स्कूटरवर नुकताच आलो होतो, आणि सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करत असल्यामुळे ही गाडी मोटारींत रस नसलेल्या मुलांनाही नावानिशी ठाऊक होती. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तिचे १.६ लिटर इंजिनाचे मॉडेल घेतले होते. एकदा पुण्याच्या परीक्षेसाठी मला नाशिक रोडला पहाटेची गाडी पकडायची होती, रिक्षा मिळत नव्हती, आणि डॉक्टर स्वतः सोडायला आले. द्वारका चौक ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला तेव्हा त्यांनी गिअर वर नेण्याऐवजी तिसऱ्यातच राहू देऊन ॲक्सिलेटर दाबला. इंजिनाचा आवाज आधी खाली, पोटात होता, तो एकदम वर चढला आणि माझी पाठ सीटला टेकली. डॉक्टर काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. मी परीक्षेत काय लिहिले ते आता आठवत नाही, पण तो तिसरा गिअर आठवतो.

ज्यांना मोटारींचा नाद नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे की अशा गाड्यांना जगभर ‘हॉट हॅच’ म्हणतात. रोजच्या वापरातली लहान हॅचबॅक घ्यायची, म्हणजे मागचे दार काचेसकट वर उघडते, भाजीच्या पिशव्या, गॅसचे सिलिंडर, शाळेची दप्तरे सगळे मावते अशी, आणि तिच्यात त्या वजनाला भारी पडेल असे इंजिन बसवायचे, सस्पेंशन थोडे घट्ट करायचे, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवायची. या जातीला ओळख मिळवून दिली ती फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने. १९७५ च्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखवली गेली आणि १९७६ पासून विकली गेली. तिचे इंजिन १५८८ सीसीचे होते, ताकद ११० अश्वशक्ती आणि वजन सुमारे ८०० किलो. माझ्या गाडीचे इंजिन १५९६ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे आणि जवळपास १०० अश्वशक्तीचे आहे. पॅलिओ त्या गोल्फपेक्षा बरीच जड आहे, आणि तिला स्वतःला कोणी ‘हॉट हॅच’ म्हणून विकलेही नव्हते. पण आपल्याकडे त्या काळी लहान गाडी म्हणजे ८०० ते १२०० सीसीचे बेताचे इंजिन असे समीकरण असताना हॅचबॅकमध्ये १.६ लिटरचे इंजिन मिळणे हीच मोठी गोष्ट होती.

आणि ती गोष्ट पुढे जवळजवळ थांबलीच. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. लहान गाडी म्हणजे काय, तर लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन असेल तर १२०० सीसीच्या आत, डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आत. स्वस्त गाड्यांचा प्रसार व्हावा हा हेतू योग्यच होता, आणि त्याचा फायदा लाखो कुटुंबांना झाला. पण त्या एका रेघेमुळे हॅचबॅकमध्ये मोठे पेट्रोल इंजिन बसवणाऱ्याला जास्तीचा कर सोसावा लागू लागला. पुढे काही कंपन्यांनी लहान इंजिनाला टर्बो, म्हणजे जास्तीची हवा आत ढकलणारा पंखा, जोडून वाट काढली. चाकणमध्ये तयार होणारी पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये १.२ लिटरचे इंजिन घेऊन आली, मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये एक लिटरचे, आणि कोइम्बतूरच्या जयेम कंपनीबरोबर टाटांनी केलेली टियागो जेटीपी २०१८ मध्ये. रांजणगावला बनलेल्या अबार्थ पुंटोने २०१५ मध्ये ती रेघ सरळ ओलांडली, १.४ लिटर आणि १४५ अश्वशक्ती, आणि किंमत दहा लाखांच्या किंचित आत. या सगळ्या आता नव्या मिळत नाहीत. जुन्या मिळतात, पण ज्यांच्याकडे आहेत ते सहजासहजी सोडत नाहीत, आणि सोडल्या तर त्यांची किंमत माझ्या खिशाच्या बरीच वर असते. माझ्याकडे गाडीसाठी बाजूला ठेवलेले एक लाख वीस हजार रुपये होते, त्यात विमा, कागदपत्रे आणि पहिली दुरुस्ती धरायची होती.

शोध चार महिने चालला. मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर जुन्या गाड्यांची विक्री करणाऱ्या एका ठिकाणी मला पांढरी, चकचकीत पॉलिश केलेली एक गाडी दाखवली गेली. मीटरवर ४२ हजार किलोमीटर होते. मी वाकून पेडल पाहिले तर क्लचच्या पेडलवरचे रबर एका कडेने झिजून आतले लोखंड दिसत होते, स्टिअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत झाला होता आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसून गेली होती. ४२ हजारांत हे होत नाही. मी तसे म्हटल्यावर विकणाऱ्याने ‘लेडीजची गाडी आहे, साहेब’ एवढेच उत्तर दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला राग पैशांचा आला नाही, कारण मी एक पैसाही दिला नव्हता. राग याचा आला की ती गाडी कुणीतरी लाखभर किलोमीटर इमानाने चालवली होती, आणि तिचे ते आयुष्य पुसून टाकले होते.

सिडकोतल्या काकांचा पत्ता मला वडाळा नाक्यावरच्या गॅरेजमधून मिळाला. काका सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, निवृत्त होऊन नऊ वर्षे झालेली. गाडी घराच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली, जुन्या चादरीने झाकलेली होती. रंग गडद राखाडी, बोनेटवर सूर्याने थोडा उडालेला. मी सकाळी सातला येतो असे मुद्दाम सांगितले होते, कारण इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना ते कसे सुरू होते ते पाहायचे असते. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनात बरेच दोष लपतात. काकांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तुम्हीच लावा.” दुसऱ्या आचक्याला इंजिन लागले. सायलेन्सरमागे हात धरला, तो किंचित ओलसर झाला, पण काळा झाला नाही. निळा धूर नाही. तेलाचे झाकण काढून उलटे करून पाहिले. तिथे दुधाळ फेस असता तर हेड गॅस्केटमधून पाणी तेलात येत असल्याची शंका आली असती. फेस नव्हता. रुमालात गुंडाळलेले चुंबक मी दारांवरून, चाकांच्या वरच्या कमानींवरून फिरवले. जिथे पत्र्यावर जाड पुट्टी भरलेली असते तिथे ते धरत नाही. मागच्या डाव्या कमानीवर ते निसटले. मी काही म्हणायच्या आत काका म्हणाले, “तिथं रिक्षा घासलेली आहे. २०१२. वहीत आहे.” आणि वहीत ते होते.

स्टेपनी काढून तिच्याखालचा पत्रा पाहिला. मागून जोरात धडक बसलेली गाडी तिथे वेल्डिंगच्या खुणांनी बोलते. पत्रा सरळ होता. टायर मात्र बदलावे लागणार होते. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. या टायरांवर २३१३ होते, म्हणजे २०१३ च्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण नऊ वर्षांच्या रबरावर मी माझा आणि दुसऱ्यांचा जीव सोपवणार नव्हतो.

व्यवहार ८५ हजारांना ठरला. मी पाच हजार इसार दिला आणि गाडी लगेच नेऊ का विचारले. काकूंनी आतूनच सांगितले, “आज अमावस्या आहे. उद्या न्या.” दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा गाडी धुतलेली होती, पुढच्या काचेच्या आत जेजुरीच्या खंडोबाचे चित्र होते ते काढून घेतलेले होते आणि त्याच्या जागी डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता. तो मी अजून काढलेला नाही. घरी आणल्यावर माझे बाबा खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचे दार उघडून पुन्हा लावले, आणि म्हणाले, “फियाटच आहे. दार जड आहे.” आमच्या आप्पांकडे, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाकडे, प्रीमियर पद्मिनी होती, आणि तिला आमच्या घरात कुणीही कधी पद्मिनी म्हटले नाही. ती फियाटच होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता, आणि पॅलिओसुद्धा सुरुवातीला कुर्ल्यालाच बनत असे. बाबांनी दार लावून जे ओळखले त्यात तथ्य होते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३० देऊन गाडी नावावर झाली. गाडी २००३ ची, म्हणजे पहिली १५ वर्षे २०१८ मध्ये संपलेली, काकांनी पाच वर्षांची मुदतवाढ घेतलेली, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा घ्यायची पाळी माझी. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले होते, पर्यावरण कर त्याहून वेगळा. गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी लागते. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. मला तो छाप फार आवडला, म्हणून त्याची एक प्रत मी वहीत चिकटवली आहे. विम्याचे मात्र मनाला लागले. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. २०२२ च्या जूनपासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वरच्या मोटारीला ७,८९७ रुपये असा दर होता. माझी गाडी १५०० च्या वर फक्त ९६ सीसी आहे. त्या ९६ सीसींसाठी मी दरवर्षी दुपटीहून जास्त हप्ता भरतो, आणि भरताना दरवेळी डॉक्टरांचा तिसरा गिअर आठवतो.

पहिल्या वर्षात गाडीवर आणखी ६४ हजार रुपये गेले. चार टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचे दोन्ही लोअर आर्म, म्हणजे पुढची चाके खालून धरून ठेवणारे दांडे, इंजिनाचे माउंटिंग, कूलंटचे सगळे पाइप. ज्यांना स्वस्तात वेगवान गाडी हवी आहे त्यांना मी हा आकडा आवर्जून सांगतो. गाडीची किंमत आणि तेवढीच रक्कम पुन्हा, ही तयारी नसेल तर ही वाट धरू नये. यात गाडीच्या जातीचा दोष नाही. वीस वर्षांत रबर कुठल्याही गाडीतले संपते, आणि जुन्या गाडीतले निम्मे दुखणे रबराचे असते.

हे मला वडाळा नाक्यावरच्या चाचांनी शिकवले. चाचा सत्तरीला आलेले, मुंबईत टॅक्स्यांवर काम शिकलेले, आता गॅरेज मुलगा बघतो आणि चाचा लिंबाखालच्या खुर्चीवर बसून फक्त आवाज ऐकतात. मी गाडी प्रथम नेली तेव्हा त्यांनी बोनेट उघडायला सांगितले, मुलाकडून हातभर लांबीचा पेचकस घेतला, त्याचे टोक चालू इंजिनाच्या अंगावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर स्टेथोस्कोप सरकवतो तसा तो पेचकस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत होता. अल्टरनेटरवर थांबला, पुढे गेला. वॉटर पंपावर थांबला, तिथेच राहिला. त्यांनी मला जवळ बोलावून मूठ माझ्या कानाला लावली. इंजिनाची एकसंध घरघर होती आणि तिच्या आत, फार खोल, तांदूळ पाखडताना खडा सुपावर वाजावा तसा बारीक, नियमित खडखडाट होता. “बेअरिंग,” चाचा म्हणाले. “अजून दोन महिने जाईल. पण पट्टा उघडायचाच आहे, तर आत्ताच करा.”

पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. वहीत पाहिले तर तो शेवटचा २०१४ मध्ये बदललेला होता, आणि त्यानंतर गाडी जेमतेम २१ हजार किलोमीटर चालली होती. मला वाटले, इतक्या कमी चालीवर घाई नको. चाचांनी मान हलवली. “साहेब, रबर उभ्या गाडीत पण म्हातारं होतं.” हा पट्टा इंजिनाच्या खालच्या आणि वरच्या फिरण्याची सांगड घालतो. तो चालत्या इंजिनात तुटला तर पिस्टन वर येण्याच्या वेळी उघडे राहिलेले व्हॉल्व्ह त्याच्या वाटेत सापडू शकतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च माझ्या गाडीच्या किमतीएवढा होतो. काढलेला पट्टा चाचांच्या मुलाने माझ्यासमोर उलटा वाकवला. दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगांची ओळ उमटली.

लोअर आर्म नाशिकमध्ये मिळाले नाहीत. मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांतून दोन तास हिंडलो. चौथ्या दुकानात एका माणसाने माळ्यावरून दोन खोकी काढली, वरची धूळ फुंकरली आणि पुठ्ठ्यावरचा नंबर मला वाचून दाखवला. न वापरलेले, डबाबंद, बहुधा पंधरा वर्षे तिथेच पडलेले. ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार झाली तिथूनच तिचे हातपाय नेताना मला जे वाटले ते लिहून सांगणे कठीण आहे. येताना रेल्वेत बसायला जागा नव्हती, तरी ती पिशवी मी कसाऱ्यापर्यंत खाली ठेवली नाही.

२०२३ च्या मे महिन्यात द्वारकेच्या चौकात, दुपारी दीड वाजता, सगळ्या बाजूंनी वाहने अडकलेली असताना तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागला. रेडिएटरचा पंखा लागत नव्हता. इंजिन बंद करून मध्येच उभे राहावे तर मागे रुग्णवाहिका होती. अशा वेळी मला वहीतली एक ओळ आठवली, २०११ सालची: ‘द्वारकेला काटा वर. हीटर लावला. उतरला.’ मी चारही काचा खाली केल्या आणि भर उन्हात हीटर पूर्ण सोडला. हीटरलाही इंजिनातलेच गरम पाणी जाते, त्यामुळे तो एक छोटा जादा रेडिएटर म्हणून काम करतो. पायांवर भट्टीसारखी हवा येत होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि काटा एकेक केस खाली येत होता. चौक ओलांडून कडेला लावली, बोनेट उघडले, रेडिएटरचे झाकण मात्र तासभर हाताळले नाही; ते गरम असताना उघडणे म्हणजे अंगावर उकळते पाणी घेणे आहे. पंख्याचा स्विच गेला होता. ३५० रुपये. संध्याकाळी वहीत शेरा लिहिला. काकांच्या शेऱ्यानंतर १२ वर्षांनी, त्याच चौकाचा.

आता या सगळ्याच्या बदल्यात काय मिळते, ते सांगायला हवे.

महिन्यातून दोनदा, रविवारी पहाटे साडेपाचला, मी पेठ रोडने निघतो. शहरातून बाहेर पडेपर्यंत मी तिचे इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या वर नेत नाही, कारण तेल गरम व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रामशेज मागे पडतो, भाताची खाचरे लागतात, आणि पुढे सावळ घाट येतो. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत, दोन हवा आत घेणारे आणि दोन धूर बाहेर सोडणारे; फेरे वाढले की त्याला श्वास कमी पडत नाही, उलट तेव्हाच ते मोकळे होते. तीन हजारांपर्यंत गाडी एखाद्या साध्या गाडीसारखी असते. साडेतीन हजारांच्या पुढे आवाजाचा पोत बदलतो, चार हजारांना सीटमधून बारीक थरथर येते आणि मग चढ संपल्यासारखा वाटतो. हे सगळे तिसऱ्या गिअरमध्ये ५५ ते ७५ च्या वेगात घडते. त्याहून अधिक वेगाची मला घाटात गरज पडत नाही, आणि ही गोष्ट मला या गाडीची सर्वांत मोठी देणगी वाटते. आजच्या मोठ्या, शांत, ताकदवान गाड्यांमध्ये ८० चा वेग घरातल्या सोफ्यावर बसल्यासारखा वाटतो आणि मग काही जाणवावे म्हणून माणूस १२० ला जातो. इथे साठलाच सगळे जाणवते.

वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक, मग दुसरा किंवा तिसरा गिअर, मग स्टिअरिंग. स्टिअरिंग आधी हलके असते, पुढच्या चाकांवर भार आला की तळव्यांत घट्ट होते, आणि पकड कमी होऊ लागली की पुन्हा किंचित हलके होते. ओल्या रस्त्यावर हा फरक आणखी आधी कळतो. वळणाच्या मध्यात घाबरून पाय एकदम उचलला तर वजन पुढे येते, मागची बाजू हलकी होते आणि गाडी आतल्या बाजूला जास्त वळते. म्हणून पाय उचलायचा तर वळणाआधी, हे मी शिकवून नाही, तळहातांनी शिकलो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, ब्रेकवर पाय ठेवून नाही, हे तर आपल्याकडे एसटीचे जुने ड्रायव्हरही सांगतात.

याच रस्त्यांवर काही तरुण मुले आवाज काढणारे सायलेन्सर लावून शर्यती करतात. मला त्यांच्या गाडीच्या वेडाबद्दल आपुलकी आहे, पण त्या शर्यतीबद्दल अजिबात नाही. पहाटे त्या रस्त्याने दूध घेऊन मोटारसायकली येतात, बायका डोक्यावर लाकडे घेऊन कडेने चालतात, जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षांची क्रेट भरलेल्या पिकअप आडरस्त्यांवरून अचानक बाहेर येतात. रस्ता त्यांचा आधी आहे. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारे एबीएस नाही; त्यामुळे मी माझ्या मुलीला हिच्यातून महामार्गावर कधीही नेत नाही, शहरातच नेतो. ती दरवेळी रुसते, मी दरवेळी नाही म्हणतो.

वहीतले गणित मात्र तीच करते. पंपावरून आलो की ती मागच्या नोंदीतून किलोमीटर वजा करते, लिटरने भागते आणि आकडा पेन्सिलीने कडेला लिहिते. काकांच्या हातात ही गाडी २००५ मध्ये सरासरी साडेदहा किलोमीटर देत होती. माझ्या हातात सुरुवातीला ती शहरात आठ आणि बाहेर अकरा देत होती. पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे आल्यापासून शहरातला आकडा साडेसातवर आला आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे काही घट होणारच. पण घसरणीत रहदारीचा वाटा किती आणि इथेनॉलचा किती, ते एका वहीवरून ठरवणे बरोबर होणार नाही. माझी काळजी ॲव्हरेजपेक्षा जुन्या रबराची आहे. ज्या काळात ही गाडी बनली त्या काळातले पेट्रोलचे पाइप एवढ्या इथेनॉलसाठी केलेले नव्हते. चाचांच्या मुलाने टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलले, नवे इथेनॉल सोसणारे टाकले, आणि मी दर महिन्याला टॉर्चच्या उजेडात त्यांचे सांधे बघतो, वास घेतो.

घरात अशा गाडीला विरोध होतो, तसा माझ्याकडेही झाला. पत्नीचा आक्षेप पैशांपेक्षा जागेचा होता. सोसायटीत आम्हाला एकच पार्किंग आहे. गाडी आता मित्राच्या शेतावरच्या घरी, गंगापूर रोडला, असते आणि तिच्याकडे जायला मला स्कूटर काढावी लागते. एकदा मी तापाने पडलो असताना पत्नी स्वतः तिथे जाऊन इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवून आली, कारण उभ्या गाडीची बॅटरी उतरते हे तिने माझ्याकडून अनेकदा ऐकले होते. आल्यावर म्हणाली, “आवाज छान आहे तिचा.” मी ते वहीत लिहिले, तारखेसह.

गेल्या दसऱ्याला मी काकांना फोन केला आणि गाडी घेऊन सिडकोला गेलो. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार बोनेटवर ठेवला, चाकांखाली लिंबे ठेवली. काका शेजारच्या सीटवर बसले. मी विचारले, चालवता का, तर नको म्हणाले, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. आम्ही पाथर्डी फाट्यापर्यंत गेलो आणि वळलो. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता आणि ते खिडकीबाहेर बघत होते. डिंकाचा तो चौकोन त्यांच्या समोरच होता. येताना एका गतिरोधकावरून मी गाडी अगदी हळू नेली, तरी त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“मागचा डावा शॉकॲब्झॉर्बर,” ते म्हणाले. “वरचं रबर बघून घ्या.”

मला काहीच ऐकू आले नव्हते. सोमवारी चाचांकडे गेलो, त्यांनी मागची डिकी उघडून आतले आवरण बाजूला केले आणि बोटाने ते रबर दाबले. त्याचे दोन तुकडे त्यांच्या हातात आले. संध्याकाळी वही काढली, तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘मागचे डावे रबर नवे, काकांनी ऐकले’ असे लिहिले.